हवेचा फेंडर गळतोय? दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटीची कड आणि धक्का यांच्यामध्ये पडून मार खायचा, एवढंच फेंडरचं काम. पण त्यातली हवा गेली की तो मार थेट बोटीच्या रंगाला आणि फायबरला बसतो. खाली हवा भरून फुगवायच्या फेंडरबद्दल लिहिलं आहे. यात साच्यातून काढलेले जाड व्हिनाइलचे लांबट फेंडर आले, गोल चेंडूसारखे आले आणि घडी घालून ठेवता येणारे कापडी फेंडरही आले. आतून भरीव फोमचे फेंडर गळत नाहीत, त्यामुळे ते इथे नाहीत.

काल कडक फुगवलेला फेंडर आज सकाळी मऊ लागतोय. गळतोय म्हणायचा का?

इतक्यात नको. आधी काल कधी फुगवला होता ते आठवा. भर दुपारी भरलेली हवा पहाटे थंड होते आणि तिचा दाब उतरतो. हा फरक वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो, कारण फेंडरमधला दाब मुळातच फार कमी असतो.

हिशेब करून बघू. ३० अंश सेल्सिअसला फेंडरमध्ये २ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब भरला. बाहेरच्या हवेचा दाब १४.७, म्हणजे आतला एकूण दाब १६.७ पीएसआय. पहाटे तापमान १५ अंशांवर आलं, तर आकारमान तेच धरून एकूण दाब सुमारे १५.९ होतो. त्यातून बाहेरचे १४.७ वजा केले की उरतात जेमतेम १.२ पीएसआय. एक बुडबुडाही बाहेर न जाता हाताला लागणारा दाब चाळीस टक्क्यांनी उतरला! गाडीच्या टायरमध्ये दाब तीसच्या वर असतो, म्हणून तिथे एवढ्याच थंडीने फारसं काही जाणवत नाही.

हाच हिशेब उलटाही चालतो. २५ अंशांना नीट भरलेला गडद रंगाचा फेंडर उन्हात डेकवर पडून ६० अंशांपर्यंत तापला, तर २ चे जवळजवळ ४ पीएसआय होतात. कमकुवत जोड बऱ्याचदा असेच उसवतात, आणि दोष मात्र धक्क्याला लागतो.

मग खरी गळती आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

मापायच्या टेपने. फेंडर सावलीत, शक्यतो घरात आणून फुगवा. तासभर थांबा, म्हणजे हवा खोलीच्या तापमानाला येईल आणि प्लास्टिकही ताणून स्थिर होईल. मग मधोमध घेर मोजा आणि मोजलेल्या जागी पेनने खूण करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खुणेवर पुन्हा मोजा. घेर तेवढाच असेल तर फेंडर निर्दोष आहे. एका दिवसात स्पष्ट कमी झाला, तर गळती आहे. शंका राहिली तर आणखी दोन दिवस तसाच ठेवा.

गाडीच्या टायरचं प्रेशर गेज इथे कामाचं नाही. २ पीएसआयला त्याचा काटा धड हलतही नाही, आणि प्रत्येक मोजणीत थोडी हवा निसटते ती वेगळीच.

एक गोष्ट मान्य करून टाकावी. मऊ पीव्हीसीतून, म्हणजे व्हिनाइलमधून, हवा अगदी सावकाश झिरपतेच. महिन्या-दोन महिन्यांनी चार पंप मारावे लागले तर त्याला गळती म्हणू नये.

गळतीची जागा सापडत नाही. काय करू?

सगळ्यात आधी व्हॉल्व्ह. नंतर दोन्ही टोकांचे कान, म्हणजे दोर ओवायच्या जागा. नंतर साच्याची किंवा वेल्डिंगची रेघ. मधलं अंग शेवटी. बहुतेक लोक उलट्या क्रमाने शोधतात, कारण अंगावरचे ओरखडे डोळ्यांना आधी दिसतात. पण ओरखडा म्हणजे भोक नव्हे.

भांडी घासायचा पातळ साबण एक भाग आणि पाणी दहा भाग, असं मिश्रण करून ब्रशने लावा. फेस करू नका. फेसात खरा बुडबुडा हरवतो. पातळ थर लावून मिनिटभर नुसतं बघत बसा. मोठं भोक लगेच फुरफुरतं. बारीक भोकाजवळ मोहरीएवढ्या बुडबुड्यांचा पांढरा पुंजका हळूहळू जमतो, आणि घाई केली की नेमका तोच नजरेतून सुटतो. लहान फेंडर असेल तर पाण्याच्या टबात दाबून धरणं सोपं. तिथेही पहिले बुडबुडे अंगाला चिकटलेल्या हवेचे असतात. ते हाताने पुसून घ्या आणि मग एकाच जागेवरून परत परत काय निघतं ते पाहा.

इतकं करूनही काही दिसत नसेल, तर फेंडरवर थोडं वजन टाका, गुडघ्याने दाबा किंवा किंचित पिळा. काही चिरा फेंडर दबल्यावरच उघडतात.

जागा सापडली की खूण भोकावर नव्हे, भोकाभोवती लांबून करा. मार्करची शाई गोंदाखाली गेली तर ठिगळ तिथेच सुटतं. एक भोक सापडलं म्हणून शोध थांबवू नका. काट्याने किंवा शिंपल्याने केलेली भोकं बरेचदा जोडीने असतात.

व्हॉल्व्हमधूनच हवा जातेय. फेंडर बाद झाला का?

उलट, नशीब चांगलं म्हणायचं. ही सगळ्यात सोपी दुरुस्ती.

फुटबॉलसारखी सुई खुपसायचा रबरी व्हॉल्व्ह असेल, तर दोनच कारणं संभवतात. भोकात वाळू किंवा मिठाचे कण अडकलेत, किंवा कोरडी सुई खुपसून रबर फाटलंय. गोड्या पाण्याने धुवा, ओल्या सुईने दोन-चार वेळा आत-बाहेर करून कण काढा, वाळू द्या आणि ग्लिसरीनचा किंवा सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडा. पेट्रोलियम जेली किंवा इंजिनचं ऑइल घालू नका. बऱ्याच जातींचं रबर त्याने फुगून मऊ पडतं. थंड हवेत रबर कडक असतं, तेव्हा व्हॉल्व्हची बाजू कोमट पाण्यात धरून मगच सुई घाला.

प्लास्टिकचा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असेल तर स्क्रू काढून आटे पाहा. पिचकलेले आटे, तिरका बसलेला स्क्रू किंवा हरवलेली रबरी वायसर, यांपैकी काहीतरी सापडतंच. स्क्रू जास्त आवळल्याने आटे जातात आणि आटे गेले म्हणून माणूस आणखी आवळतो. त्याच मापाचा प्लास्टिकचा नवा स्क्रू घ्या. लोखंडी स्क्रू बसवू नका, तो गंजतो आणि टोकाने आतून ओरखडतो. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे दिले तर किरकोळ गळती थांबते.

कापडी फेंडरला रबरी बोटीसारखा झडपेचा व्हॉल्व्ह असतो. त्याची झडप म्हणजे पातळ रबराची चकती. तिच्या कडेला वाळूचा एक कण पुरतो. चकती काढून धुवा. तिच्यावर वळ उमटला असेल तर बदला. व्हॉल्व्ह आणि कापड यांच्यामधून बुडबुडे येत असतील, तर आधी व्हॉल्व्ह त्याच्या पान्याने घट्ट करून बघा. गोंदाची बाटली उघडायची वेळ त्यानंतरची.

फेंडर कशाचा बनलाय हे ओळखणं एवढं महत्त्वाचं का?

कारण गोंद वस्तूला चिकटत नाही, वस्तूच्या जातीला चिकटतो. दुरुस्त्या फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. माणसं हाताशी असलेला गोंद लावतात आणि फेंडरला नावं ठेवतात.

साच्यातले जाड फेंडर बहुतेक मऊ पीव्हीसीचे, म्हणजे व्हिनाइलचे असतात. कापडी फेंडर दोन जातींचे: पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड, किंवा हायपालॉन. हायपालॉन हे ड्यूपाँटचं व्यापारी नाव. त्यांनी ते उत्पादन २०१० मध्ये बंद केलं, पण त्या जातीच्या रबराला बोटीवाले अजून त्याच नावाने ओळखतात. नव्या मालावर सीएसएम असं लिहिलेलं दिसेल.

ओळखायला सोपी खूण म्हणजे, पीव्हीसी चकचकीत आणि प्लास्टिकसारखं, त्याचे जोड वेल्ड केलेले. हायपालॉन मॅट, रबरासारखं, जोड गोंदाने चिकटवलेले आणि कापडाची आतली बाजू बहुधा वेगळ्या रंगाची. खात्री हवी असेल तर नजरेआडच्या कोपऱ्यात कापसाच्या काडीने एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या सॉल्व्हंटचा, म्हणजे प्लास्टिक विरघळवणाऱ्या द्रवाचा, थेंब घासा. पीव्हीसी लगेच चिकट होतं आणि काडीवर रंग येतो. हायपालॉनवर फारसं काही होत नाही.

काही स्वस्त फेंडर ईव्हीएचे किंवा तशाच प्लास्टिकचे असतात. कडेचा एक बारीक तुकडा कापून साबणाच्या पाण्यात टाका. पीव्हीसी बुडतं, ईव्हीए आणि पॉलिथिन तरंगतात. तरंगला तर पीव्हीसीचा कुठलाही गोंद विकत घेऊ नका, तो धरणार नाही.

सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणि पॅच घरात आहे. ते चालेल का?

पीव्हीसीवर नाही. ते सोल्यूशन ट्यूबच्या रबरासाठी बनवलेलं असतं. व्हिनाइलवर ते सुरुवातीला चिकटल्यासारखं वाटतं, फेंडर फुगवून उन्हात ठेवला की कड उचलतं.

घरात सापडणाऱ्या बाकीच्या गोंदांची गतही तशीच. झटपट चिकटणारा सुपर ग्लू सुकल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो, आणि फेंडर तर प्रत्येक लाटेला वाकणारी वस्तू. इपॉक्सीचंही तेच. नळजोडणीचं पीव्हीसी सोल्व्हंट सिमेंट अनेकांना फसवतं, कारण डब्यावर मोठ्या अक्षरात पीव्हीसी लिहिलेलं असतं. पण ते कडक पाइपसाठी असतं. ते चिकटतं खरं, मात्र सुकल्यावर कडक थर राहतो आणि मऊ फेंडर वाकला की थराच्या कडेलाच नवी चीर जाते.

सगळ्यात वाईट सिलिकॉन सीलंट. ते स्वतः तर टिकत नाहीच, वर पृष्ठभागावर असा तेलकट अंश सोडून जातं की पुढे योग्य गोंदही धरत नाही. एखाद्या फेंडरवर आधी कुणी सिलिकॉन फासलं असेल, तर माझा निम्मा वेळ ते खरवडण्यातच जातो.

काय वापरावं? मऊ पीव्हीसीला लवचिक व्हिनाइलचा गोंद, किंवा पीव्हीसीच्या हवेच्या बोटींसाठी मिळणारा दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद. हायपालॉनला निओप्रीनवर आधारित दोन भागांचा गोंद. जाड साच्यातल्या फेंडरच्या सुईएवढ्या भोकाला ठिगळाशिवाय नुसत्या व्हिनाइल गोंदाचे दोन-तीन पातळ थरही पुरतात.

ठिगळ प्रत्यक्ष कसं लावायचं?

इथे घाई केली की काम दोनदा करावं लागतं.

हवा पूर्ण काढा. फुगलेल्या फेंडरवर ठिगळ लावायला बरं वाटतं, कारण पृष्ठभाग ताठ असतो. पण भोकातून सतत येणारी हवा ओल्या गोंदात बोगदा करून ठेवते. सपाट जागी पसरा, खाली फळी घ्या.

ठिगळ त्याच जातीच्या कापडाचं किंवा प्लास्टिकचं हवं. चिरेच्या चारी बाजूंना किमान ३ सेंटिमीटर, कापडी फेंडरला ५ सेंटिमीटर जास्त ठेवा. कोपरे गोल कापा. गोंद सरळ ओढ चांगली सोसतो, पण सोलून काढल्यासारखी ओढ त्याला सोसत नाही. टोकदार कोपरा म्हणजे सोलायला आयतं बोट दिल्यासारखं. ठिगळ जागेवर ठेवून भोवती पेन्सिलने रेघ मारा.

आता सफाई. आधी साबण आणि गोडं पाणी, मग पूर्ण वाळवण. भोकातून आत पाणी गेलं असेल तर तेही काढा, नाहीतर ते नेमकं गोंद लावताना बाहेर येतं. नंतर पांढऱ्या स्वच्छ फडक्यावर एमईके किंवा ॲसिटोन घेऊन एकाच दिशेने पुसा, दर वेळी फडक्याची नवी घडी घेऊन. मऊ पीव्हीसीच्या वजनाचा मोठा हिस्सा त्याला मऊ ठेवणाऱ्या तेलकट द्रव्याचा असतो. ते सावकाश पृष्ठभागावर येत राहतं, त्यामुळे काल पुसलेला भाग आज पुन्हा पुसावा लागतो. सॉल्व्हंट ओतू नका, भिजवून ठेवू नका. प्लास्टिक विरघळायला लागतं. हायपालॉन असेल तर पुसण्याआधी पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंची चमक जाईपर्यंत घासा. पीव्हीसीच्या कापडाला घासायची गरज नसते. जास्त घासलं तर लेप जाऊन आतलं कापड उघडं पडतं.

दोन भागांचा गोंद डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा, अंदाजाने नको. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्या. तो वाळला की दुसरा पातळ थर. दुसऱ्या थराला बोट लावल्यावर चिकचिक जाणवली पाहिजे, पण बोटाला गोंद लागता कामा नये. तीच वेळ. ठिगळ एका कडेपासून लोळवत लावा, मधे हवा अडकू देऊ नका. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. मग गोल बाटलीने किंवा चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे जोर लावून दाबा. इथे वजन ठेवून देण्यापेक्षा जोराने रगडण्याचा फायदा जास्त. पीव्हीसीवरचा गोंद जास्त वाळलाच, तर हेअर ड्रायरने कोमट करून चिकटपणा परत आणता येतो.

दमट हवेत हे काम टाळा. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि गोंदावर दुधट साय आल्यासारखी दिसते. त्या सायीवर लावलेलं ठिगळ हमखास सुटतं. साय दिसली तर पुसून, वाळवून पुन्हा सुरुवात करा.

सगळं उघड्या हवेत, विस्तवापासून दूर. पॉलियुरेथेनच्या गोंदाच्या दुसऱ्या भागात आयसोसायनेट असतं. दमा असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये. पातळ हातमोजे अशा सॉल्व्हंटपुढे फार वेळ टिकत नाहीत, वरचेवर बदला.

ठिगळ आतून लावलेलं बरं की बाहेरून?

आत हात जात असेल तर आतून. आतल्या ठिगळाला हवेचा दाब भिंतीवर दाबून धरतो, बाहेरच्याला तोच दाब ढकलून काढायला बघतो. पण साच्यातल्या बंद फेंडरमध्ये हात घालायला वाट नसते, आणि ती करण्यासाठी कापणं हा वेडेपणा. कापडी फेंडरची चीर तीन-चार सेंटिमीटरहून लांब असेल तर मी त्या चिरेतूनच ठिगळाची गुंडाळी आत सरकवतो, उलगडून चिकटवतो आणि बाहेरून दुसरं लावतो.

कधी फुगवू?

२४ तासांच्या आत नाही. दोन भागांच्या गोंदाला दोन-तीन दिवस दिले तर उत्तम, थंडीत त्याहून जास्त. आधी अर्धवट फुगवून साबणाचं पाणी लावा, मग पूर्ण.

घरी तीन दिवस टिकलेलं ठिगळ धक्क्याला लावल्यावर एका रात्रीत उघडलं. असं का?

घरी फेंडरवर २ पीएसआय होते. बोटीने चेंगरला तेव्हा किती होते?

समजा लाटेने बोट इतकी रेटली की फेंडरचं आतलं आकारमान निम्मं झालं. हवेचा एकूण दाब दुप्पट होतो: १६.७ चे ३३.४. त्यातून बाहेरचे १४.७ गेले की उरतात जवळजवळ १९ पीएसआय, म्हणजे घरच्या चाचणीच्या नऊपट. प्रत्यक्षात भिंत ताणली जाते, म्हणून आकडा थोडा कमी येईल, पण रात्रभरात असे शेकडो धक्के बसतात. त्यात भर म्हणजे धक्क्याचं खरबरीत लाकूड किंवा काँक्रीट ठिगळाच्या कडेवर घासत राहतं.

म्हणून धक्क्याला लावण्याआधी फेंडर जमिनीवर ठेवून त्यावर अंगाचा भार देऊन बसा. पाच-दहा वेळा दाबा, सोडा, आणि ठिगळाच्या कडा बघा. बांधताना ठिगळ धक्क्याच्या बाजूला येऊ देऊ नका. लोंबणारा फेंडर गोल फिरतो हे खरं, पण दोन दोरांनी आडवा बांधला तर ठिगळ वर किंवा खाली ठेवता येतं. वर कापडी खोळ चढवली तर घासणंही कमी होतं.

जाड व्हिनाइलचं भोक सोल्डरिंग आयर्नने वितळवून बंद करतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे, आणि नीट केलं तर गोंदापेक्षा टिकाऊ होतं, कारण भिंत पुन्हा एकजीव होते. पण हे फक्त जाड भिंतीच्या साच्यातल्या फेंडरला. कापडी फेंडरला आयर्न लावलं तर कापड जळेल आणि सुपारीएवढ्या भोकाचं ताटलीएवढं होईल.

फेंडरची हवा काढा. आयर्नचं तापमान कमी करता येत असेल तर कमीत कमी ठेवा. प्लास्टिक वितळायला हवं, तपकिरी व्हायला नको. तपकिरी झालं की ते मेलं. भोकाच्या कडा हलक्या हाताने वितळवून आत ओढा, त्यात जुन्या तशाच फेंडरची बारीक सळी वितळवून भरा, आणि गरम असतानाच ओल्या चमच्याच्या पाठीने दाबा. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवून घ्या. पहिल्या प्रयत्नात मी भोक मोठंच केलं होतं.

पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. घशाला झोंबला की समजावं की तापमान जास्त आहे. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभं राहून करा. आणि ज्या जागी सॉल्व्हंट किंवा गोंद लावलाय तिथे आयर्न नाही, कधीच नाही.

दोर बांधायच्या कानाजवळ चीर गेलीय. ठिगळ मारू?

नको. तिथे हवेच्या दाबाबरोबर दोराची ओढही असते, आणि ती दर लाटेला दिशा बदलते. ठिगळ धरलंच तर फेंडर दोरासकट तुटून वाहून जाईपर्यंत तुम्हाला पत्ता लागणार नाही. एकच कान गेला असेल आणि हवा टिकत असेल, तर दुसऱ्या कानाने उभा टांगून वापरा. फेंडरच्या मधून आरपार दोर जाणारी नळी असेल तर प्रश्नच नाही, दोर नळीतून ओवून खाली गाठ मारा.

जोड उसवलाय.

वेल्ड केलेल्या जोडाच्या दोन-चार सेंटिमीटर भागातून हवा जात असेल, तर वरून लांब पट्टी लावून भागतं. दोन जागी उसवला असेल तर तिसरी जागा तयारच असते.

टायरमध्ये घालतात ते द्रव सीलंट आत ओतलं तर?

दिसत नाहीत इतकी बारीक भोकं बऱ्याच जागी असतील, तर शेवटचा उपाय म्हणून. ते आतून भोकात जाऊन बसतं, पण त्यासाठी फेंडर सगळ्या बाजूंनी लोळवत राहावं लागतं. चाक आपोआप फिरतं, फेंडर फिरत नाही. शिवाय ते व्हॉल्व्हमध्ये सुकलं तर पुढच्या वेळी सुईच आत जात नाही. आणि नंतर खरं ठिगळ मारायचं ठरवलंत, तर भोकातून झिरपणारा चिकट द्रव गोंदाला धरू देत नाही. मी हे करत नाही.

त्यापेक्षा आत फोम फवारून भरीवच करून टाकला तर कटकट मिटेल ना?

कटकटीचा प्रकार बदलेल. डब्यातला फोम हवेतल्या ओलाव्याने फुगतो आणि घट्ट होतो. बंद फेंडरच्या मधोमध तो कित्येक दिवस ओलाच राहतो, मग अवेळी फुगून भिंत फाडतो. आणि घट्ट झालेला फोम चेंगरला की परत उसळत नाही. त्याचा चुरा होतो. फेंडर दिसायला फेंडर राहतो, काम मात्र लाकडाच्या ओंडक्याचं करतो.

पाण्यात असताना फेंडर गेला. आत्ता, इथे काय करू?

भोक कोरडं करून व्हिनाइलसाठी असलेली चिकट दुरुस्ती पट्टी लावा. अशा पट्ट्या घेताना प्रकार बघा. उदाहरणार्थ, टिअर-एडचा बी प्रकार व्हिनाइलसाठी आणि ए प्रकार इतर कापडांसाठी असतो. दोन्ही दिसायला सारखेच पारदर्शक. पट्टी नसेल तर गेलेला फेंडर कमी माराच्या जागी, म्हणजे बोटीच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाकडे हलवा आणि चांगला फेंडर मधोमध आणा, जिथे बोट सगळ्यात रुंद असते. फेंडरच्या जागी दोराचं वेटोळं पोत्यात भरून टांगलं तरी रात्र निघते.

किती हवा भरावी? कंप्रेसर लावू का?

बहुतेक साच्यातल्या फेंडरना दीड-दोन पीएसआय, म्हणजे ०.१ ते ०.१५ बार पुरतात. अंगावर किंवा माहितीपत्रकात आकडा असेल तर तोच खरा. काही कंपन्या दाबाऐवजी घेर देतात, ते जास्त सोयीचं. अंगठ्याने जोर लावून दाबल्यावर थोडं आत जायला हवं. दगडासारखा कडक फेंडर धक्का शोषत नाही, तो बोटीला परत फेकतो. पेट्रोल पंपावरचा कंप्रेसर काही सेकंदांत फेंडर फाडू शकतो. सायकलचा हातपंप आणि फुटबॉलची सुई बरी, हात दुखेपर्यंत विचार करायला वेळ मिळतो.

फेंडर चिकट झालाय, घाण धरतोय. गळतीशी संबंध आहे का?

आहे, पण उशिरा दिसणारा. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेने आणि उन्हाने बाहेर येतंय, म्हणून तो चिकट लागतो. ॲसिटोनने पुसला की छान स्वच्छ दिसतो, पण ॲसिटोन ते द्रव्य आणखी ओढून काढतं. सौम्य साबण, कोमट पाणी आणि वर कापडी खोळ, एवढंच करा. काही वर्षांनी तो चिकट राहत नाही, कडक होतो. मग चिरा जातात, आणि गळती सुरू होते ती तिथून.

मोठ्या जहाजांच्या बाजूला टायर-साखळ्यांचं जाळं घातलेले प्रचंड हवेचे फेंडर असतात. तेही असेच दुरुस्त करतात का?

नाही. ते जाड रबरात दोऱ्यांचे थर घालून बनवलेले असतात, टायरसारखे. त्यांच्यासाठी आयएसओ १७३५७ हे मानक आहे आणि सुरुवातीचा दाब ५० किंवा ८० किलोपास्कल असतो, म्हणजे आपल्या छोट्या फेंडरच्या कितीतरी पट. एवढा मोठा फेंडर फुटला तर जवळचा माणूस मरू शकतो. दुरुस्ती कारखान्यात, रबर व्हल्कनाइझ करूनच. त्याला गोंदाची ट्यूब घेऊन हात लावू नका.

दुरुस्त करण्यात अर्थ नाही, हे कधी समजावं?

फेंडर वाकवून बघा. घडीवर केसासारख्या चिरांचं जाळं दिसलं, तर प्लास्टिक संपलंय. एक भोक बुजवाल, शेजारी दुसरं पडेल. दुसरी खूण म्हणजे तिसऱ्यांदा ठिगळ. आणि कानाची चीर, जिच्याबद्दल वर लिहिलंय.

टाकून द्यायचा फेंडर जाळू शकतो का?

अजिबात नाही. पीव्हीसीच्या धुरात आम्ल असतं आणि इतरही विषारी द्रव्यं असतात. टाकण्याआधी मात्र उन्हाकडे नसलेल्या बाजूचा मऊ राहिलेला भाग तळहाताएवढ्या तुकड्यांत कापून घ्या. व्हॉल्व्हचा स्क्रू काढून ठेवा. तुकड्यांच्या मागे पीव्हीसी की हायपालॉन ते मार्करने लिहा आणि गोंदाच्या डब्याबरोबर ठेवा. डब्यावर उघडल्याची तारीखही टाका. दोन भागांच्या गोंदाचा दुसरा भाग उघडल्यावर हवेतल्या ओलाव्याने वाया जातो, आणि तो वाया गेलाय हे ठिगळ सुटल्यावरच कळतं.